देवळालीचे अंकमित्र : द. रा. कापरेकर



झाशी, भोपाळ, खांडवा, भुसावळ या लोहमार्गाने आपण कधी मुंबईस गेला असाल, तर नाशिक रोड मागे पडल्यावर थोड्याच वेळात देवळाली हे स्थानक लागते. प्रवाशांचे डोळे तेव्हा पुढच्या घाटाकडे लागलेले असतात. या लहानशा गावाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. लष्करी छावणी आणि निरोगी हवा यांसाठी देवळालीची ख्याती आहे. ब्रिटिश अमदानीत मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे शिपाई येथील छावणीत महिनोन्महिने अडकून पडत, आणि कंटाळ्याने काहींच्या मनाचा तोल ढळे. त्यावरून देवळालीच्या नावाचा अपभ्रंश होऊन ‘डुलॅली’ हा शब्द इंग्रजी बोलीत वेड लागलेल्या माणसासाठी रूढ झाला.

गावाच्या नावाचे हे दुर्दैवच म्हणावयाचे. परंतु हेच नाव गणितशास्त्रातही जाऊन बसले आहे आणि तेथे त्याला मान आहे. संख्यांच्या एका विशिष्ट मालिकेला ‘देवळाली संख्या’ असे म्हणतात. हा मान गावाला मिळवून दिला तो कोणा सेनापतीने नव्हे, की कोणा प्राध्यापकानेही नव्हे. तो मिळवून दिला एका शाळामास्तरांनी. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे त्यांचे नाव. त्यांच्या चरित्राकडे पाहताना एक प्रश्न आपल्यासमोर सारखा उभा राहतो. ज्या कामाला जाणते लोक पोरखेळ म्हणतात, ज्यातून पैसा मिळत नाही व पदवीही मिळत नाही, अशा कामात सारे आयुष्य वेचावे काय? कापरेकरांनी या प्रश्नाचे उत्तर शब्दांनी दिले नाही, आयुष्यानेच दिले. ते उत्तर खरे ठरले की खोटे, हे आपण वाचून ठरवावे.

बालपण आणि शिक्षण

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठ वर्षांचे असतानाच त्यांच्या आईचे छत्र हरपले. वडील कारकून होते व त्यांना ज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडावयाची म्हणजे आकडेमोड आलीच. ती आकडेमोड झटपट कशी करावी, याचे पहिले धडे दत्तात्रेयाला वडिलांपाशीच मिळाले. वडील आकड्यांत माणसाचे भविष्य शोधीत. मुलगा पुढे आकड्यांत आकडेच शोधू लागला. या दोन शोधांतील अंतर मोठे आहे. संख्येने आपल्याला काही मिळवून द्यावे, एवढीही अपेक्षा न ठेवता तिच्याकडे पाहणे, ही कापरेकरांची आयुष्यभराची वृत्ती होती.

माध्यमिक शिक्षण ठाण्यास झाले. शाळकरी वयातच गणिती कोडी सोडविण्यात त्यांचे तासन्‌तास आनंदाने जात. १९२३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या नावाने त्या काळी गणितातील स्वतंत्र कार्यासाठी एक पारितोषिक देण्यात येई. कोकणातील मुर्डी गावचे हे परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजचे सीनियर रँग्लर झाले होते. हा बहुमान मिळविणारे ते पहिले भारतीय. १९२७ मध्ये ते पारितोषिक कापरेकरांना मिळाले. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. त्यांचे औपचारिक शिक्षण तेथेच संपले. पदव्युत्तर अभ्यास नाही, गुरू नाही, संशोधनसंस्था नाही. पदवीनंतर ते देवळालीच्या शाळेत शिक्षक झाले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच शिकवीत राहिले.

दिवसा शाळा आणि उरल्या वेळी संख्या, असा हा संसार होता. गणिताच्या परिषदांना ते जात आणि आपले निष्कर्ष मांडीत. महाविद्यालयांतून व्याख्यानांची बोलावणी येत, तेव्हा आनंदाने जात. त्यांचे लेख बहुधा कमी प्रसिद्ध नियतकालिकांत छापून येत; पुष्कळसे त्यांनी स्वतःच पुस्तिकारूपाने छापले. दारूच्या व्यसनी माणसाला पीतच राहावेसे वाटते, तसे आपले संख्यांच्या बाबतीत होते, अशी तुलना ते स्वतःच हसत करीत असत.

संख्येचे आत आणि बाहेर

कापरेकरांनी काय केले हे समजावयाचे, तर आधी थोडे मागे जावे लागेल. फार प्राचीन काळापासून विद्वानांना संख्येच्या विभाजकांचे कुतूहल वाटत आले आहे. ६ ला १, २ आणि ३ यांनी निःशेष भाग जातो, आणि १, २, ३ यांची बेरीज पुन्हा ६ च येते. स्वतःखेरीज इतर सर्व विभाजकांची बेरीज जिच्याइतकीच भरते, अशा संख्येला ‘परिपूर्ण संख्या’ म्हणतात. ६ नंतर २८, मग ४९६, मग ८१२८. संत ऑगस्तीन यांनी ‘देवाचे नगर’ या आपल्या ग्रंथात सृष्टीच्या निर्मितीच्या सहा दिवसांचा विचार करताना ६ च्या या परिपूर्णतेकडे लक्ष वेधले आहे.

दोन संख्यांची अशी मैत्रीही असते. २२० च्या इतर विभाजकांची बेरीज २८४ होते आणि २८४ च्या विभाजकांची बेरीज २२०. दुरावलेल्या एसावाचे मन वळविण्यासाठी याकोबाने दोनशे शेळ्या व वीस बोकड पाठविले, हे आपण उत्पत्तीच्या पुस्तकात वाचले आहे. एकंदर २२० च! काही जुन्या भाष्यकारांनी त्या भेटीत मैत्रीची ही संख्या पाहिली. स्वित्झर्लंडमधील एका पाळकांचे पुत्र आणि अठराव्या शतकातील थोर गणिती लेओनार्ड ऑयलर यांनी अशा सुमारे साठ जोड्या शोधून काढल्या.

आता असे करून पाहा. एखादी संख्या घ्या, तिच्या इतर विभाजकांची बेरीज करा, त्या बेरजेच्या विभाजकांची पुन्हा बेरीज करा, आणि असे करीत चला. १२ पासून निघालात तर १६, १५, ९, ४, ३ आणि १ असा प्रवास होऊन गाडी थांबते. परंतु २७६ पासून निघालात, तर ही मालिका कोठे थांबेल की थांबणारच नाही, हे आजच्या प्रचंड संगणकांनाही सांगता आलेले नाही. उलट प्रश्नही करता येतो. कोणत्याही संख्येच्या विभाजकांच्या बेरजेतून जी कधीच निघत नाही, अशी संख्या असते काय? असते. २, ५, ५२ आणि ८८ या तशा आहेत. अशा संख्या अनंत आहेत, हे पाउल एर्डिश या हंगेरियन गणितज्ञाने १९७३ मध्ये सिद्ध केले.

वाचकहो, विभाजक हा संख्येचा अंतर्गत गुण आहे. ६ ही संख्या आपण देवनागरीत लिहा, रोमन अंकांत लिहा किंवा सहा खडे मांडून दाखवा, तिचे विभाजक तेच राहतात. परंतु संख्येला एक बाहेरचे रूपही असते, आणि ते म्हणजे आपण लिहितो ते अंक. १५३ या संख्येत १, ५ व ३ दिसतात ते केवळ आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून. गणितपंडितांची दृष्टी आतल्या गुणांकडे असे आणि बाहेरच्या अंकांकडे ते उपेक्षेने पाहत. देवळालीच्या मास्तरांनी नेमके हे उपेक्षित दार निवडले. पंडित विभाजकांची बेरीज करीत होते. कापरेकरांनी अंकांची बेरीज केली.

स्वयंभू आणि हर्षद

त्यांची रीत तिसरीतल्या मुलालाही समजेल. २३ घ्या. तिच्या अंकांची बेरीज ५. ती २३ मध्ये मिळवा, २८ झाले. २८ च्या अंकांची बेरीज १०. ती मिळवून ३८ झाले. पुढे ४९, मग ६२, मग ७०. म्हणजे २८ ची जनक संख्या २३, आणि ३८ ची जनक २८. कापरेकरांनी विचारले की जिला जनकच नाही, अशी संख्या असते काय? १ ते १०० पर्यंत अशा तेरा संख्या आहेत : १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ आणि ९७. यांना त्यांनी ‘स्वयंभू’ असे नाव दिले. विभाजकांच्या बेरजेबाबत एर्डिशने जो प्रश्न सोडविला, त्याचाच हा अंकांच्या बेरजेतील भाऊबंद प्रश्न होय. कोलंबिया देशातील बर्नार्दो रेकामान यांनी १९७४ मध्ये हाच प्रश्न स्वतंत्रपणे मांडला, म्हणून या संख्यांना कोलंबियन संख्या असेही म्हणतात. ज्यांना देवळाली संख्या म्हणतात त्या याच.

त्यांनी नाव दिलेल्या संख्यांचा दुसरा समूह म्हणजे ‘हर्षद’, म्हणजे हर्ष देणाऱ्या संख्या. आपल्याच अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो ती हर्षद. १८ च्या अंकांची बेरीज ९, आणि ९ ने १८ ला भाग जातो. येथे आत आणि बाहेर यांची गाठ पडते, कारण अंकांची बेरीज हीच संख्येचा विभाजक होऊन बसते.

आपल्याला परिचित असलेले एक उदाहरण घेऊ. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्राकाठी शिष्यांच्या जाळ्यात आलेले मासे मोजले गेले ते १५३. संत ऑगस्तीन यांनी दाखवून दिले आहे की १ पासून १७ पर्यंतच्या सर्व संख्यांची बेरीज १५३ होते. कापरेकरांच्या रीतीने पाहिले तर अंकांची बेरीज ९, आणि ९ × १७ = १५३; म्हणून ही संख्या हर्षद आहे. विभाजकांच्या रीतीने पाहिले तर १, ३, ९, १७, ५१ आणि १५३ यांची बेरीज २३४ येते. आता १५३ आणि २३४ यांचा शाळेत शिकवितात तो मसावि, म्हणजे महत्तम साधारण विभाजक, काढा. तोही ९ च! यातून काही गूढ अर्थ काढावयाचा नाही. असे योग इतर संख्यांतही सापडतात. परंतु कापरेकर ज्या आनंदाविषयी बोलत तो कसा असतो, त्याची थोडी चव आपल्याला यावी म्हणून हे सांगितले.

त्यांच्या नामकरणाचीही मौज आहे. १११ चा वर्ग १२३२१ आणि ११११ चा वर्ग १२३४३२१ होतो. अंक चढत जाऊन पुन्हा उतरणाऱ्या या संख्यांच्या कुटुंबाला त्यांनी ‘डेम्लो संख्या’ असे नाव दिले. डेम्लो हे मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरील, तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवरील एक स्थानक. तेथेच त्यांना या संख्यांची कल्पना सुचली होती. आजचे डोंबिवली ते हेच, असे सांगितले जाते.

६१७४

कापरेकरांचे नाव ज्याने जगभर झाले तो शोध १९४६ चा. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, आणि मोठीतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्याचे पुन्हा तसेच करा. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ च घेऊन पाहू.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

६१७४ ला हीच क्रिया पुन्हा लावली तर पुन्हा ६१७४ च मिळते. आपण कोठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत याच संख्येपाशी येऊन थांबता. त्यांच्या जन्मवर्षाला साती पायऱ्या लागल्या. त्यांच्या निधनाच्या १९८६ या वर्षाला सहा पुरतात.

असे का होते? पहिला अंक व शेवटचा अंक यांतील फरक ९९९ ने गुणावा, मधल्या दोन अंकांतील फरक ९० ने गुणावा, आणि दोन्ही मिळवावे, की वजाबाकीचे उत्तर मिळते. ९९९ आणि ९० यांचा मसावि ९. म्हणून कोणतीही संख्या घेतली तरी पहिल्याच वजाबाकीनंतर ९ ने भाग जाणारी संख्या हाती येते. शिवाय हे दोन फरक मोजकेच असू शकतात. हजारो संख्यांतून निघालो तरी पहिल्या पायरीनंतर केवळ ५४ उत्तरे संभवतात. त्या ५४ वाटा तपासल्या की प्रत्येक वाट ६१७४ कडे येते हे दिसते. मुलांच्या वहीत मावेल एवढाच हा पुरावा आहे. आणखी एक गंमत पाहा. ६१७४ च्या अंकांची बेरीज १८, आणि १८ ने भागले असता भागाकार ३४३, म्हणजे ७ × ७ × ७. अर्थात ही संख्याही हर्षदच ठरली.

हा शोध त्यांनी १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत मांडला. पुढे न्यूयॉर्कहून निघणाऱ्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात १९५३ व १९५५ मध्ये त्याविषयीचे त्यांचे लेख प्रसिद्ध झाले. तीन अंकी संख्यांना हीच रीत लावली असता सारे प्रवासी ४९५ पाशी येऊन थांबतात.

उपेक्षा आणि कीर्ती

परंतु आपल्या देशातील गणिताच्या क्षेत्रात कापरेकरांचे फारसे स्वागत झाले नाही. त्यांचे काम क्षुल्लक आहे, मनोरंजनापुरते आहे, असे अनेक प्राध्यापकांना वाटे. या आक्षेपात तथ्य नव्हते असे नाही, आणि तो आपण प्रामाणिकपणे समजून घेतला पाहिजे. माणसाच्या हातांना दहाऐवजी आठ बोटे असती आणि आपण आठाच्या पटीत मोजत असतो, तर ६१७४ चे हे वैभव उरले नसते. ६ मात्र तेव्हाही परिपूर्णच राहिली असती. मग जे गुण केवळ लिहिण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहेत, त्यांच्यामागे आयुष्य का वेचावे, असा तो आक्षेप होता.

कापरेकर या आक्षेपाने खचले नाहीत आणि त्यावर वाद घालीतही बसले नाहीत. निवृत्तीनंतर निवृत्तिवेतन अपुरे पडे, म्हणून गणित व विज्ञान यांच्या शिकवण्या करून ते चरितार्थ चालवीत. पोटासाठी शिकवणी आणि आनंदासाठी संख्या, हा क्रम उतारवयातही मोडला नाही.

मग १९७५ मध्ये अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या लोकप्रिय गणिती सदरातून कापरेकरांची व त्यांच्या संख्यांची ओळख जगाला करून दिली. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. त्यानंतर देशोदेशींचे गणितप्रेमी त्यांचे प्रश्न सोडवू लागले. आयुष्याची संध्याकाळ झाली असताना का होईना, आपल्या कामाची दखल घेतली गेल्याचे त्यांनी पाहिले. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

मृत्यूनंतरची साक्ष

त्यांच्या पश्चात काय झाले, ते अधिक महत्त्वाचे आहे. १९९३ मध्ये कर्टिस कूपर आणि रॉबर्ट केनेडी या दोन अमेरिकन गणितज्ञांनी सिद्ध केले की लागोपाठच्या वीस संख्या हर्षद असू शकतात, परंतु एकवीस कधीच नाहीत. शाळामास्तरांच्या प्रश्नावर विद्यापीठातील अध्यापक परिश्रम करू लागले होते.

आणखी एक घटना तर त्या जुन्या आक्षेपाचे उत्तरच ठरावी अशी आहे. कापरेकरांनी अशा काही संख्या शोधल्या होत्या की ज्यांच्या वर्गाचे दोन तुकडे करून मिळविले असता पुन्हा तीच संख्या मिळते. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० व २५ मिळून ४५. ५५ चा वर्ग ३०२५, आणि ३० व २५ मिळून ५५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ व २०९ मिळून २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९, आणि ४९४ व २०९ मिळून ७०३. यांना आज जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. वरवर पाहता हा शुद्ध अंकांचा खेळ. वर्ग लिहावा, मध्ये कात्री लावावी, तुकडे जोडावे.

२००० साली डग्लस इयानुची या गणितज्ञाने या खेळामागचे रहस्य उलगडले. ९९ म्हणजे ९ गुणिले ११. ९ आणि ११ यांना १ खेरीज सामाईक विभाजक नाही. आता ४५ पाहा : तिला ९ ने निःशेष भाग जातो, आणि ११ ने भागले तर बाकी १ उरते. ५५ चे नेमके उलट : ११ ने निःशेष भाग जातो, आणि ९ ने भागले तर बाकी १. तसेच ९९९ म्हणजे २७ गुणिले ३७. यांनाही १ खेरीज सामाईक विभाजक नाही. २९७ ला २७ ने निःशेष भाग जातो व ३७ ने भागता १ उरतो. ७०३ ला ३७ ने निःशेष भाग जातो व २७ ने भागता १ उरतो. म्हणूनच ४५ व ५५ मिळून १०० होतात आणि २९७ व ७०३ मिळून १०००. ९९, ९९९, ९९९९ अशा संख्यांचे, सामाईक विभाजक नसलेल्या दोन भागांत जितक्या प्रकारे विभाजन होते, तितक्या कापरेकर संख्या मिळतात, असे इयानुची यांनी दाखविले. म्हणजे कात्रीच्या त्या खेळाच्या मुळाशी विभाजकांचेच शास्त्र होते.

त्यांचा दुसरा निष्कर्ष याहून विस्मयकारक आहे. संगणक ज्या पद्धतीने मोजतात त्या दोनाच्या पटीत संख्या लिहिल्या, तर प्रत्येक सम परिपूर्ण संख्या ही कापरेकर संख्या ठरते. ६, २८, ४९६, ८१२८, साऱ्या! ज्या परिपूर्ण संख्यांवर यूक्लिडपासून ऑयलरपर्यंतच्या थोरांनी आणि संत ऑगस्तीन यांच्यासारख्या धर्मपुरुषांनी चिंतन केले, त्या देवळालीच्या मास्तरांच्या कुटुंबात येऊन बसल्या. ज्या दाराला पंडित बाहेरचे दार म्हणत होते, ते आतल्या दालनातच उघडत होते. हे दोन्ही निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा कापरेकरांना जाऊन चौदा वर्षे झाली होती.

१९६४ मध्ये नील स्लोन नावाच्या एका तरुण विद्यार्थ्याने संख्यांच्या मालिका जमविण्यास आरंभ केला. त्या संग्रहाचा आज विश्वकोश झाला असून त्यात साडेतीन लाखांहून अधिक मालिका नोंदलेल्या आहेत. विभाजकांच्या बेरजेच्या मालिका, मसाविच्या मालिका, परिपूर्ण संख्या, आणि त्यांच्याच पंक्तीला कापरेकर संख्या, स्वयंभू संख्या, हर्षद संख्या. तेथे पदवी विचारली जात नाही. संख्या खरी की खोटी, एवढेच विचारले जाते.

वाचकहो, कापरेकरांचे चरित्र वाचून अनेकांना त्यांच्या बुद्धिमत्तेचे कौतुक वाटते. ते योग्यच आहे. परंतु बुद्धिमत्तेपेक्षाही त्यांचा धीर मोठा होता. आपले काम लहान आहे असे सांगणारे लोक भोवती असताना त्या लहान कामातील सत्य त्यांनी लहान मानले नाही. त्या कामाची खोली त्यांना स्वतःलाही पुरती ठाऊक नसेल. पेरणाऱ्याला पीक पाहावयास मिळतेच असे नाही. तरी त्यांनी पेरणे थांबविले नाही, आणि जे पेरले ते निवडक, स्वच्छ व खरे होते.

आपल्या मंडळीत, आपल्या शाळांत, आपल्या घरांत असे किती तरी लोक असतात. कोणी बोलीभाषेतील शब्द टिपून ठेवतो, कोणी पाखरांची नोंद ठेवतो, कोणी जुन्या गीतांच्या चाली जतन करतो. त्यांना विचारणारा कोणी नसतो आणि हसणारे पुष्कळ असतात. अशा माणसाची भेट झाली, तर हसण्यापूर्वी देवळालीच्या मास्तरांची आठवण ठेवावी. आणि आज सायंकाळी घरातील मुलांना हाताशी घेऊन, कागद-पेन्सिल काढून, त्यांच्याच जन्मवर्षापासून ६१७४ पर्यंतचा प्रवास जरूर करून पाहावा. किती पायऱ्या लागतात ते त्यांनाच मोजू द्यावे. मात्र २२२२ साली जन्मणाऱ्यांना या प्रवासाला निघता येणार नाही, एवढे त्यांना आधीच सांगून ठेवावे!